इंजिनाचा दाब मोजताना माप पुरे ठेवा

जुनी गाडी बघायला माणूस जातो तेव्हा विकणारा म्हणतो, "इंजिन एकदम ठणठणीत आहे." घेणाऱ्याने बरोबर आणलेला मेकॅनिक ऑइलचे झाकण उघडतो, आतून येणारा धूर बघतो आणि म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, इंजिन बसलंय." एकाला किंमत चढवायची असते, दुसऱ्याला उतरवायची असते. दोघेही कानाने आणि डोळ्याने निकाल देतात. सौदा हजारोंचा आणि पुरावा अंदाजाचा, अशी स्थिती असते. इंजिनाच्या पोटात खरोखर काय चालले आहे हे सांगणारा साक्षीदार आहे कॉम्प्रेशन गेज. हजार-दोन हजार रुपयांत मिळणारे हे यंत्र पिशवीत मावते. पण साक्षीदाराला नीट विचारले तरच तो खरे सांगतो. घाईत, अर्धवट केलेली चाचणी चांगल्या इंजिनाला खराब ठरवते आणि खराब इंजिनाला चांगले. म्हणून ही चाचणी कशी करावी, तिचा आकडा कसा वाचावा आणि तो ग्राहकाला कसा सांगावा, याचा विचार या लेखात केला आहे.

कापडाचा व्यापारी इंजिनावर लिहितो याचे कोणास नवल वाटेल. आमचा माल जुन्या टेम्पोतून आणि व्हॅनमधून आठवडी बाजाराला जातो. वाहन बंद पडले की त्या दिवसाचा बाजार बुडतो. त्यामुळे इंजिनाची पारख हा आमच्याही रोजीचा प्रश्न आहे.

चिखलीचा कारागीर

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनांचे युग आले त्याला साठ वर्षे होत आली. टेल्कोने, म्हणजे २००३ पासूनच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये येथे पाय रोवला. आकुर्डीला बजाजचा कारखाना होता. पुढे चाकणला परदेशी कंपन्या आल्या. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत चिखली, कुदळवाडी, तळवडे या भागांत लहान वर्कशॉप, भंगाराची गोदामे आणि गॅरेज वाढली. त्यांत आपल्या समाजातील कारागीर आणि भंगार व्यापारी मोठ्या संख्येने होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील हजारो शेड आणि गोदामे अनधिकृत ठरवून पाडली. त्या कारवाईच्या कायदेशीर बाजूची चर्चा या पानाचा विषय नाही. मात्र ज्यांचे पत्र्याचे छप्पर गेले त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला: आता आपल्याजवळ शिल्लक काय? जागा गेली, माल विखुरला, जुने गिऱ्हाईक पत्ता शोधत राहिले. हातातले कसब आणि बोलण्यावरचा विश्वास, एवढेच भांडवल उरले. ज्या मेकॅनिकच्या आकड्यावर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात, त्याला रस्त्याच्या कडेला बसूनही काम मिळते. म्हणून अचूक चाचणीची गोष्ट आज अधिक महत्त्वाची आहे.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?

पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते. मग वॉल्व्ह बंद होतात आणि पिस्टन वर येऊन ते मिश्रण दाबतो. ते जितके नीट दाबले जाईल तितका स्फोट जोरदार होतो आणि गाडीला पिकअप मिळतो. पेट्रोलच्या साध्या गाड्यांत हे मिश्रण साधारण आठ ते अकरा पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा सोळा ते बावीस पट.

नऊ पट दाबले म्हणजे गेजवर नऊ किलो, असा हिशेब काहीजण करतात. तो बरोबर नाही. दाबताना हवा तापते आणि तापलेल्या हवेचा दाब वाढतो, म्हणून आकडा त्याहून अधिक येतो. पेट्रोलच्या बहुतेक तंदुरुस्त इंजिनांत तो चौरस सेंटीमीटरला १० ते १४ किलोच्या दरम्यान असतो. गेजवर पीएसआयचे आकडे असतील तर १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय. नेमका आकडा त्या मॉडेलच्या कंपनी पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

हवा निसटण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत: झिजलेल्या रिंगा व बोअर, नीट न बसणारे वॉल्व्ह, आणि उडालेली हेड गॅस्केट. चाचणीचा सारा उद्देश यांपैकी कोणती वाट उघडी आहे ते शोधणे हा आहे.

चाचणीपूर्वीची तयारी

आकडा चुकण्याची बहुतेक कारणे तयारीतच असतात. पुढील गोष्टींत कसूर करू नये.

१) बॅटरी पूर्ण चार्ज असावी. इंजिन हळू फिरले की हवेला निसटायला वेळ मिळतो आणि आकडा खाली येतो. पहिल्या सिलिंडरला बॅटरी ताजी आणि शेवटच्याला थकलेली, असे झाले तर शेवटचा सिलिंडर विनाकारण बदनाम होतो. शंका असेल तर दुसरी बॅटरी जोडावी.

२) इंजिन चालवून गरम करावे. थंड इंजिनात रिंगा आणि पिस्टन आपल्या मापावर आलेले नसतात. मात्र ॲल्युमिनियमचे हेड अगदी रसरसलेले असताना प्लग ओढून काढू नये, आटे खराब होतात. थोडे निवू द्यावे.

३) प्लग काढण्याआधी त्याभोवतीची माती हवेने उडवावी. ती सिलिंडरमध्ये पडली तर चाचणीच इंजिनाचे नुकसान करील.

४) इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद करावीत. पंपाचा फ्यूज काढावा आणि कॉइलचे कनेक्शन सोडावे. सीएनजी असेल तर टाकीचा वॉल्व्ह बंद करावा. उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना ठिणगी पडली तर आग लागते. शिवाय कच्चे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि आकडा घसरतो.

५) सगळे प्लग काढावेत. एकच प्लग काढून मोजले तर बाकीचे सिलिंडर स्टार्टरला अडवतात. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवावेत. ज्याचे टोक ऑइलने काळे ओले आहे, तो सिलिंडर आपली हकीकत आधीच सांगतो.

६) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एअर फिल्टर काढलेला आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. थ्रॉटल बंद असेल तर सिलिंडरला पोटभर हवाच मिळत नाही, मग दाब कशाचा येणार? नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. तेथे थ्रॉटल कसा उघडायचा ते पुस्तिकेत पाहावे, जबरदस्तीने पाकळी ढकलू नये.

७) गेज आट्याने बसणारे घ्यावे. रबराचे टोक हाताने दाबून धरायचे गेज असते, त्यात हात हलला की हवा जाते. गेजच्या टोकाशी लहान वॉल्व्ह असतो. तो बिघडला म्हणून काहीजण ट्यूबचा वॉल्व्ह त्यात बसवतात. त्याची स्प्रिंग कडक असते आणि आकडा कमी येतो.

मोजणी

आता एका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारावा आणि दाबाचे ठोके मोजावेत. पाच किंवा सहा ठोके पुरेत, पण प्रत्येक सिलिंडरला तितकेच द्यावेत. एकाला चार आणि दुसऱ्याला आठ दिले तर तुलनाच संपली. कापड मोजताना एका गिऱ्हाईकाला मीटर ताणून आणि दुसऱ्याला सैल सोडून मोजण्यासारखे ते होईल.

पहिल्या ठोक्याला काटा कोठे गेला आणि शेवटी कोठे थांबला, हे दोन्ही आकडे कागदावर लिहावेत. गेजची हवा सोडून काटा शून्यावर आला की पुढचा सिलिंडर घ्यावा. सर्व सिलिंडर झाले की पुन्हा एकदा फेरी करावी. दोन्ही फेऱ्यांचे आकडे जुळले तर ते विश्वसनीय. न जुळल्यास इंजिनाला दोष देण्याआधी आपली बॅटरी, गेज आणि आटे तपासावेत.

आकडा काय बोलतो?

सर्व सिलिंडर कंपनीच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन ठीक आहे. काही कंपन्या दोन सिलिंडरमध्ये सुमारे १ किलोपर्यंतचा फरक चालवून घेतात. गॅरेजचा जुना ठोकताळा असा की सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊण हिश्शापेक्षा खाली नसावा.

पहिल्या ठोक्याला काटा थोडाच चढला आणि मग हळूहळू वर गेला, तर संशय रिंगांवर घ्यावा. सुरुवातीलाही कमी आणि शेवटपर्यंत कमीच, तर वॉल्व्हवर. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच बसलेले असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट गेलेली असण्याचा संभव मोठा. आकडा नेहमीपेक्षा जास्त आला तर खूश होऊ नये, आत कार्बनचा थर साचलेला असू शकतो.

सगळेच सिलिंडर सारखे कमी आले तर लगेच "इंजिन खल्लास" म्हणू नये. थ्रॉटल बंद राहिला असेल, बॅटरी उतरली असेल किंवा टायमिंग बेल्ट दात सोडून बसला असेल. त्याचप्रमाणे टॅपेट फार घट्ट बसवलेले असतील तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत. ही कामे हेड न उतरवताही सुधारता येतात. यांपैकी काही न तपासता इंजिन खोलायला लावणे म्हणजे ग्राहकाच्या खिशातले पैसे विनाकारण बाहेर काढणे होय.

ऑइलची परीक्षा

आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून लहान चमचाभर इंजिन ऑइल सोडावे. इंजिन दोन-चार वेळा फिरवून पुन्हा मोजावे. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. आकडा चांगला चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेले आहेत. चढला नाही तर दोष वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

उदाहरण घेऊ. तीन सिलिंडरच्या व्हॅनचे आकडे समजा ११.५, ११.२ आणि ८ आले. तिसरा सिलिंडर पाऊण हिश्शाच्या खाली आहे. ऑइल टाकल्यावर तो ८.२ झाला, म्हणजे जवळजवळ तेथेच राहिला. रिंगा दोषी नाहीत. हेड उतरवून वॉल्व्ह तपासावेत, कदाचित घासून बसवल्याने काम भागेल. हाच आकडा ऑइलने ११ वर गेला असता तर बोअर आणि रिंगांचे मोठे काम निघाले असते. दोन्ही कामांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो फरक एका चमचा ऑइलने कळतो.

मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी तिच्यासारख्या तीन सिलिंडरच्या जुन्या व्हॅन छोट्या व्यापाऱ्यांकडे अजून दिसतात. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलण्याचा कंटाळा करून दोनच सिलिंडर मोजू नयेत.

डिझेलची गोष्ट निराळी

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे तेथे दाब पुष्कळ जास्त, साधारण २० ते ३० किलोच्या आसपास असतो. पेट्रोलचे गेज तेथे लावू नये. ते फुटेल आणि माणूस जखमी होईल. डिझेलचे वेगळे गेज ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसवतात. वरील ऑइलची परीक्षा डिझेलमध्ये करू नये. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी थोडी असते की जास्त झालेले ऑइल दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

घाटावरचा हिशेब

एक गोष्ट आपल्या भागातल्या कारागिरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. पुणे, पिंपरी-चिंचवडचा प्रदेश समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. येथे हवा थोडी विरळ. दर ३०० मीटरला दाब सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आपल्याकडे जवळपास ६ टक्के घट धरावी. मुंबईत ज्या इंजिनाने १२ किलो दाखवले, ते चिखलीत ११.३ च्या आसपास दाखवील. त्याचे काहीही बिघडलेले नाही. कुर्ल्याच्या बाजारातून सेकंडहँड इंजिन आणणाऱ्याने, आणि ते येथे तपासणाऱ्यानेही, हा फरक जमेस धरावा. नाहीतर मुंबईच्या विक्रेत्यावर फसवणुकीचा नाहक आळ येईल.

सौद्यातल्या लबाड्या

चाचणी जशी सत्य सांगते, तशी तिच्या आडून लबाडीही चालते. विकणारा ग्राहक येण्याआधी सिलिंडरमध्ये ऑइल सोडून ठेवतो, म्हणजे झिजलेल्या रिंगा तासाभरासाठी तरुण दिसतात. कोणी इंजिनात घट्ट ऑइल भरून धूर लपवतो. "एक प्लग जाम आहे, बाकीचे बघा" असे कोणी सांगतो. जो प्लग निघत नाही त्याच्याच खाली दोष असू शकतो. तो निघाल्याशिवाय किंमत ठरवू नये. प्लग काढल्यावर टोकावर ताजे ऑइल दिसले तर इंजिन अर्धा तास चालवून मगच मोजावे.

उलट बाजूची लबाडीही आहे. किंमत पाडण्यासाठी घेणाऱ्याचा माणूस थंड इंजिनावर, थ्रॉटल बंद ठेवून मोजतो आणि कमी आकडा विकणाऱ्याच्या तोंडावर फेकतो. यात नुकसान होते ते गरजेपोटी गाडी विकायला काढलेल्या माणसाचे. कापडाच्या दुकानातील मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. गॅरेजच्या गेजवर असा शिक्का सहसा दिसत नाही. तेथे कारागिराचे इमान हाच शिक्का. त्याने आपले गेज अधूनमधून दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून पाहावे. हवा सोडल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर ते गेज बाजूला ठेवावे.

ऐब सांगूनच विका

१९३० च्या वस्तू विक्री कायद्यात काही अपवाद सोडले तर मालाची पारख करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. शरियतने विकणाऱ्यावरही बोजा टाकला. मालातला ऐब माहीत असून लपवणे तिने हराम ठरवले आणि लपलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिला. फिकहमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले, तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्याला कठोर शब्दांत बजावले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वरून धुऊन पुसून चकचकीत केलेले आणि आतून बसलेले इंजिन हीही तशीच रास आहे. गेज म्हणजे त्या राशीत घातलेला हात. कुरआनात माप कमी देणाऱ्यांवर सूरह मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरह आहे. घेताना पुरे आणि देताना उणे, ही वृत्ती तराजूपुरती राहत नाही. ती गेजच्या काट्यावरही बसू शकते.

म्हणून गॅरेजवाल्या बंधूंना एक व्यवहारी सूचना. चाचणी केल्यावर ग्राहकाच्या हातात चिठ्ठी द्या. गाडीचा क्रमांक, तारीख, किती किलोमीटर चालली, इंजिन गरम होते की थंड, थ्रॉटल उघडा होता का, प्रत्येक सिलिंडरचे दोन्ही फेऱ्यांचे आकडे आणि ऑइल टाकल्यानंतरचे आकडे, एवढे त्यावर असावे. खाली सही. चाचणीची मजुरी आधी सांगून घ्या आणि गाडी विकली जावो न जावो, तेवढीच घ्या. सौदा पटला तरच पैसे मिळणार असतील तर आकड्यावर मन डळमळते. दोन्ही पक्षांकडून गुपचूप दलाली घेणाऱ्याची चिठ्ठी कोणी मानत नाही.

घेणाऱ्यांनाही सांगणे आहे. अर्ध्या तासाच्या या कामाची मजुरी देताना घासाघीस करू नका. त्या मजुरीने हजारोंची चूक टळते. विकणारा चाचणीला तयार नसेल तर सलाम करून दुसरी गाडी बघा.

घरातल्या मुलांना या कामाकडे वळवणाऱ्यांनी त्यांना नुसता पाना धरायला शिकवू नये. मोरवाडीला महापालिकेचे आयटीआय आहे. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला आणि घरच्या उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला मुलगा पुस्तिका वाचून नेमका आकडा सांगू शकतो. विजेच्या गाड्या येत आहेत, त्यांत सिलिंडर नाहीत. पण मोजून बोलण्याची सवय ज्याला लागली तो उद्या बॅटरीही मोजून सांगेल. पेट्रोल-डिझेलच्या लाखो जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहणार आहेत, तोवर या विद्येला गिऱ्हाईक आहे.

शेड पुन्हा उभी राहायला वेळ लागेल. जागा, परवाना, भाडे या गोष्टी आपल्या एकट्याच्या हातात नाहीत. बॅटरी भरलेली ठेवणे, थ्रॉटल उघडा ठेवणे, सर्व सिलिंडरना सारखे ठोके देणे आणि आलेला आकडा जसाच्या तसा लिहिणे हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ज्याच्या चिठ्ठीवर विकणारा आणि घेणारा दोघेही विश्वास ठेवतात, त्या कारागिराचा पत्ता बदलला तरी लोक विचारत विचारत त्याच्याकडे येतात. अल्लाह आपणा सर्वांना पुरे माप देण्याची तौफिक देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.